देवावर हवाला

तुम्ही लोअर परळच्या मॉलमध्ये उभे आहात. वर फिनिक्स गिरणीचं धुराडं, खाली कॉफीची दुकानं. निघण्याआधी दोन गोष्टी इथेच ठेवायच्या आहेत. एक म्हणजे फोन. दुसरी म्हणजे ‘तुम्ही’. जिथे जायचं आहे तिथे कोकणातून नुकत्याच आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला कुणी अहोजाहो करत नाही. तेव्हा आतापासून मीही तूच म्हणतो.

१९३८ चा ऑक्टोबर. दसरा होऊन पाच दिवस झालेत. मालवणच्या किनाऱ्यावर तू गुडघाभर पाण्यात उभा आहेस. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत वळकटी. आगबोट लांब, खोल पाण्यात थांबली आहे आणि तिथवर होडीनेच जायचं आहे. पावसाळाभर हा समुद्र बंद होता, त्यामुळे चार महिने अडकलेले सगळे एकदमच निघाले आहेत. आई पाण्यात उतरलेली नाही. ती वाळूत उभी राहून एवढंच म्हणते, “झिला, देव आसा.”

घरचं भात शिमग्यापर्यंत पुरतं. त्यापुढचं काय ते या चार अक्षरांत आलं. तू शहरातून आलेला, शिकलेला प्रवासी, तेव्हा तुला वाटेल की ही भोळी समजूत. थोडं थांब. परवाच तुम्ही दोघं रवळनाथाच्या देवळात जाऊन आलात. गुरवाने ओल्या कळ्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला लावल्या आणि कौल मागितला. पोर चाकरीसाठी मुंबईक जाता, उजवा कौल दी. सगळे डोळे लावून बसले. बऱ्याच वेळाने उजवीकडची कळी निसटली. मग गाऱ्हाणं झालं आणि जमलेले वीसपंचवीस जण एका आवाजात “होय म्हाराजा” म्हणाले. त्या वीसपंचवीस जणांकडे नीट बघून ठेव. पुढे कामाचे आहेत.

बोटीवर तू डेकचा प्रवासी. म्हणजे उघड्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरं घेत बोट वर सरकते आणि प्रत्येक बंदरात आणखी पेट्या, आणखी वळकट्या चढतात. रात्री वारा पडला की म्हातारे बोटींच्या गोष्टी काढतात. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ एकाच दिवशी बुडाल्या, ती गोष्ट निघाली की कोंडाळ्यातलं कुणीतरी नकळत हात जोडतं. तुकारामाच्या नावाची बोट बुडाली म्हणून तुकारामावरचा विश्वास कुणाचा कमी झालेला नाही. बोटीत बसायचं मात्र चांगला दिवस बघून. तुला पुढचंही ठाऊक आहे: १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’, आत सहाशेहून जास्त माणसं. ते इथे बोलायचं नाही. या कोंडाळ्यातलं कुणी तिच्यात असेल की नसेल, तुला सांगता येणार नाही, आणि ऐकायची कुणाची तयारीही नाही.

डेकच्या पार टोकाला, गर्दीपासून हातभर अंतर राखून, तुझ्याच गावचा तुझ्याच वयाचा एक पोरगा बसला आहे. तो महारवाड्यातला. होडीतही तो शेवटी चढला. त्याच्या आईनेही वाळूतून काहीतरी म्हटलं होतं, पण तुला ऐकू आलं नाही. कौल घ्यायला तो देवळात आला नव्हता, किंवा बाहेर कुठे उभा होता, तुझं लक्ष नव्हतं.

सोमवार, १० ऑक्टोबर. भाऊचा धक्का. हमाल, कोळणी, मासळीचा वास, आणि कुणीतरी तुझं मनगट धरून ओढतंय: तो गावचा माणूस, तुला न्यायला आला आहे. मागे वळून बघतोस तर तो दुसरा पोरगा वेगळ्याच माणसाबरोबर वेगळ्या दिशेने निघालेला. त्याला वरळीला बीडीडी चाळीत जायचं आहे. तुम्ही एकमेकांना हाक मारत नाही.

वाटेत दुमजली बस दिसते. गेल्याच वर्षी सुरू झालेली, त्यामुळे अजून लोक थांबून बघतात. शहरात वेळाही दोन आहेत. रेल्वेचं घड्याळ एक वेळ दाखवतं, महापालिकेचं दुसरी. मुंबईची स्वतःची वेळ आहे, रेल्वेच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि मुंबई ती आणखी सतरा वर्षं सोडणार नाही. भुकेला माणूस यातलं कुठलं घड्याळ लावतो ते तुला दोन दिवसांत कळेल.

खोली. तिला घर म्हणायचं नाही, ती ‘गावाची खोली’. दहा बाय बाराची, दुसऱ्या मजल्यावर. आता दुपारी आत नऊ जण झोपले आहेत, म्हणजे रात्रपाळीचे. संध्याकाळी ते उठतील आणि दिवसपाळीचे आडवे होतील. उरलेले गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. भिंतीला खुंट्या, प्रत्येक खुंटी कुणाची तरी. वर फळीवर लाल कपड्यात बांधलेला नारळ आहे. तो रवळनाथाच्या देवळातून आणलेला, म्हणून तो इथला रवळनाथ.

खोलीतले सगळ्यात वयस्क तात्या. ते नाव विचारत नाहीत, वाडी विचारतात. मग बापाचं नाव. मग:

“देवाक विचारून इलंस मां?”

“होय.”

“उजवो दिलो?”

“होय.”

“ती खुंटी तुझी. पेटी हय ठेव. वर्गणी दहा तारखेक दी.”

इतकंच. ओळखपत्र नाही, अनामत नाही. पण हा प्रश्न भक्तीचा होता असं समजू नकोस. कौल उजवा दिला म्हणजे गावाने तुला पाठवलं. म्हणजे तू मारामारी करून पळून आलेला नाहीस, घरचा पैसा उचलून आलेला नाहीस. देवळात ज्या वीसपंचवीस जणांनी होय म्हाराजा म्हटलं, त्यांच्यातले तिघे-चौघे शिमग्याला तात्यांना भेटणार आहेत. तू वर्गणी बुडवलीस तर ती गोष्ट रवळनाथापुढे निघेल, तुझ्या आईच्या देखत.

‘दहा तारीख’ हे शब्द आता नीट ऐक. गिरणगावातलं सगळं या तारखेला बांधलेलं आहे. मोठ्या कारखान्यांनी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहाच्या आत द्यायचा असा कायदा गेल्या वर्षीच, १९३७ च्या मार्चपासून, लागू झाला आहे. त्याआधी आणखी उशीर व्हायचा. तू नेमका दहा तारखेला उतरलास. आज सगळ्या गिरणगावाच्या हातात पैसे आहेत, गिरण्यांच्या दारात मिठाईवाले आहेत, आणि मिठाईवाल्यांच्या जरा मागे, काठी टेकून, वसुलीला आलेले पठाण. तुझ्या हातात पैसे पडायला अजून एक महिना आहे. तोही, मधल्या काळात काम मिळालं तर.

काम कसं मिळतं ते बघायला उद्या पहाटे चल.

भोंगा व्हायच्या आधी गिरणीच्या दारात शंभरेक माणसं उभी आहेत. यांना बदली म्हणतात. आत ज्यांची नोकरी कायम आहे त्यांच्यातला कुणी आज आला नाही, तर त्याच्या जागी बाहेरचा एक घ्यायचा. कोणाला घ्यायचं ते मुकादम ठरवतो. मुकादमाची मनमानी आणि दस्तुरी आवरावी म्हणून गिरणीमालकांच्या संघाने १९३५ पासून बदलीवाल्यांना कार्डं दिली. कार्डवाल्यांचा नंबर आधी. तुझ्याकडे कार्ड नाही. महिन्याच्या एक तारखेला बघू, असं तात्या म्हणालेत. कार्ड आल्याने मुकादमाला नमस्कार घालायचं कुणाचं थांबलेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मुकादम येतो, बोट करतो. तू, तू, तो मागचा. संपलं. दार लागतं.

पहिला दिवस असा. दुसरा, तिसराही असाच. चौथ्या दिवशी दारात उभं असताना तुझ्या शेजारचा माणूस पुटपुटतो आहे. ओठ हलतात, डोळे मिटलेले. देवाकडे तो काय मागतो आहे? काम. आणि काम म्हणजे आत कुणालातरी आज ताप भरलेला असणं. कुणाच्या घरी मयत झालेली असणं. याला दुसरी वाट नाही. बदलीवाल्याच्या ताटात पडतो तो घास कुणाच्या तरी खाड्याचा असतो. ‘देव देतो’ म्हणणाऱ्या किती जणांनी याचा विचार केला असेल माहीत नाही. पण एक खरं, त्या दारात मोठ्याने प्रार्थना कुणी करत नसे. देवा, आज बघ, एवढंच. काय बघ, ते न बोललेलं बरं.

पाचव्या दिवशी देव बघतो. गावाकडे भातकापणी सुरू झाली आहे आणि आतले काही जण न सांगताच बोटीत बसलेत. ताप नाही, मयत नाही, पिकलेलं भात. हे तुला बरं वाटतं. तुला कताईखात्यात घेतात. भरलेल्या बाबिणी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. हवेत कापूस तरंगतो, पापण्यांवर बसतो, दुपारपर्यंत तू पांढऱ्या भुवयांचा म्हातारा झालेला असतोस. आवाज इतका की माणसं ओठ वाचून बोलतात. नऊ तास.

आणि या पाच दिवसांत तू जेवलास कुठे? गोष्टीचा खरा गाभा तिथे आहे, म्हणून तिथे जरा बसू.

चाळीच्या तळमजल्याला एक खोली. तिच्यात एक बाई राहते. सातारकडची, नवरा गेल्यापासून खानावळ चालवते. तिच्या दोन पोरांची अंथरुणं गुंडाळून कोपऱ्यात उभी केलीत आणि उरलेल्या जागेत एका वेळी आठ माणसं मांडीला मांडी लावून जेवतात. पहिल्या रात्री तू दारात घुटमळलास.

“कुठल्या खोलीतला रं?”

तू तात्यांचं नाव सांगितलंस.

“बस मग.”

भात, आमटी, सुक्या बोंबलाची चटणी. दुसऱ्यांदा भात वाढताना तिने विचारलं नाही. पैशांचं नावही काढलं नाही. भिंतीवर कोळशाने रेघा ओढलेल्या आहेत, त्यात तुझी एक ओळ सुरू झाली. ज्या दिवशी जेवायला येणार नाहीस तो खाडा, तो हिशेबातून वजा. गिरणीतही खाडाच आणि इथेही खाडाच. तिथला पगार कापतो, इथला पैसे वाचवतो. महिन्याच्या शेवटी बरीच माणसं इथले खाडे वाढवतात आणि विचारलं तर उपास आहे म्हणतात. बाईला खरे उपास आणि खोटे उपास यातला फरक कळतो. खोट्या उपासाला ती एखादी भाकरी पोराकडून वर पाठवते आणि ती रेघेत धरत नाही. (असं प्रत्येक खानावळीत होई असं मी म्हणणार नाही. पैसे थकले म्हणून ताटावरून उठवणाऱ्याही होत्या, आणि त्यांचंही चुकत होतं असं नाही.)

आता ती धान्य कुठून आणते? कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, उधारीवर, दहा तारखेच्या बोलीने. वाणी ते मोठ्या व्यापाऱ्याकडून आणतो, तेही उधारीवरच. म्हणजे तुझ्या ताटातला भात तीन जणांच्या भरवशावरून उतरत आलेला आहे, आणि त्या तिघांपैकी कुणीही तुला ओळखत नाही. बाई खोलीला ओळखते. खोली वाडीला ओळखते. वाडी देवळाला.

आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आहे आणि तो कुणा कीर्तनकाराने घडवलेला नसावा, सरळ पेढीवरून आलेला असावा. आपण म्हणतो, देवावर हवाला ठेव. हवाला म्हणजे भरवसा, आणि हवाला म्हणजे एकाने दुसऱ्याच्या नावावर तिसऱ्याला पैसे पोचते करणं. मालवणच्या वाळूत आई “देव आसा” म्हणाली तेव्हा मी ते आशीर्वाद म्हणून ऐकलं होतं. या खोलीत बसल्यावर वाटतं, ती जामीन सांगत होती. देव आभाळातून भात टाकणार नव्हता. पण तुझ्यासाठी जामीन राहायला तो होता, आणि त्याच्या जामिनावर साताऱ्याची एक बाई कोकणातल्या पोराला महिनाभर जेवायला घालत होती. विश्वास कोणी टाकला म्हणशील तर तिने. तू नुसता भुकेला होतास.

पण हा जामीन कुठवर चालतो, हेही बघायला हवं.

बोटीवरचा तो पोरगा. तोही त्याच गावचा, आणि रवळनाथ त्याच्याही गावचा. पण तुझ्या खोलीत त्याला खुंटी नाही. तुझ्या खानावळीत त्याला पंगत नाही. तात्यांनी त्याला वाडी विचारली असती आणि तिथेच बोलणं संपलं असतं. गिरणीत त्याला कताईखात्यात घेतील, विणकामाच्या मागखात्यात नाही. कारण असं सांगतात की धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं, आणि त्याच्या ओठांचा धोटा बाकीचे तोंडाला लावणार नाहीत. जास्त पगार मागखात्यात. म्हणजे देवाने दिलेल्या भाकरीतही खातं पडलेलं आहे. डॉ. आंबेडकर दहा वर्षांपूर्वीच्या संपापासून यावर बोलत आहेत. तुझ्या खोलीत ते बोलणं निघालं की कुणीतरी विडी पेटवतं आणि विषय बदलतो. बीडीडी चाळीत त्याची बहीण आहे, मेव्हणा आहे, त्यांच्याही भिंतीवर कोळशाच्या रेघा असतील. त्याच्यासाठी जामीन कोण राहिलं ते त्यालाच ठाऊक. तुझा रवळनाथ राहिला नाही. किंवा राहिला असता, पण आपण त्याला विचारलंच नाही.

मग दिवाळी येते आणि तुझा धीर सुटतो. चार दिवस काम नाही. आईला काहीतरी पाठवायला हवं होतं. गिरणीच्या दारातला पठाण तुझ्याकडे बघून हसतो. त्याला नवी माणसं लांबून ओळखू येतात. व्याज रुपयाला महिना एक आणा. सोपं वाटतं. आणा म्हणजे किती! तू शाळेत जे काही शिकलास त्यावरून हिशेब कर: वर्षाला शंभराला पंचाहत्तर. त्याला कौल लागत नाही, वाडी लागत नाही, काठी लागते. तू दोन वेळा त्याच्यासमोरून जातोस. तिसऱ्यांदा तात्या मागून येतात, तुझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि काहीच न बोलता तुला खोलीवर घेऊन येतात. त्या रात्री खोलीत भजन आहे. टाळ तुझ्या हातात देतात. तुझं लक्ष लागत नाही. देवाचं नाव घेताना मनात पाच रुपये आहेत. मला वाटतं त्या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या मनात काही ना काही आकडा असेलच, आणि तरी भजन बेसूर झालं नाही.

एक नोव्हेंबरला तुला कार्ड मिळतं.

सात नोव्हेंबर, सोमवार. आज दारात बदलीवाला एकही नाही. खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं आहे, संपावर बंधनं घालणारं, आणि त्याविरुद्ध आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप पुकारला आहे. तात्या काँग्रेसकडे झुकलेले, ते खोलीतच बसतात. तू जातोस. का जातोस ते धड सांगता येत नाही. या महिनाभरात पहिल्यांदाच असा दिवस आला आहे की तुझ्या कामासाठी कुणाला ताप यायची गरज नाही. परळच्या कामगार मैदानाकडे माणसांचा लोंढा चालला आहे आणि त्या लोंढ्यात, वीस हातांवर, तो दिसतो. बोटीवरचा. हातात छोटा झेंडा. तोही तुला बघतो. या वेळी तू हाक मारतोस. काय म्हणून मारायची ते पटकन सुचत नाही, कारण गावात त्याला हाक मारायची वेळ कधी आलेलीच नसते. “अरे, गाववाल्या!” म्हणतोस. तो हात वर करतो. मग गर्दी मध्ये येते.

दहा नोव्हेंबर, गुरुवार. खिडकीपुढे रांग. अकरा दिवसांचे नऊ रुपये आणि वर काही आणे. तू ते तीनदा मोजतोस. आधी तात्यांची वर्गणी. मग तळमजला. बाई भिंतीवरच्या रेघा मोजते, ओठ हलवत, आणि तू सगळे पैसे तिच्यापुढे ठेवतोस. ती अर्धे उचलते. उरलेल्यांकडे बोट करून म्हणते, “ते पुढच्या धाला. आईला काय धाडलंस का न्हाई?” वाण्याकडे तिला आज जायचं आहे, हे तुला माहीत आहे. तिलाही माहीत आहे.

टपाल कचेरीत तात्या तुझ्याकडून मनीऑर्डर लिहून घेतात. दोन रुपये. खालच्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा असते. तू बराच वेळ पेन धरून बसतोस आणि शेवटी एवढंच लिहितोस की मी बरा आहे, जेवणाची सोय आहे, देवाक नारळ ठेव.

बारा दिवसांनी पोच येते. आईला लिहिता येत नाही. सहीच्या जागी तिच्या अंगठ्याचा ठसा आहे, शाई जास्त झाल्यामुळे थोडा फिस्कटलेला. रात्रपाळीचे उठून निघालेत आणि खोलीत तुझ्यापुरती जागा झाली आहे. तू आडवा होतोस, वर लाल कपड्यातल्या नारळाकडे बघतोस, आणि तो कागद पेटीत ठेवायचा की खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात, हे तुझं अजून ठरत नाही.